सोळाव्या वर्षाचं टेबल

(नागपूरच्या हॉटेलांत ३१ वर्षं काढून निवृत्त झालेले आमचे काका बाहेर जेवायला जाण्याबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, सादर नमस्कार. आम्ही भंडाऱ्याला राहतो. माझी मुलगी १४ डिसेंबरला सोळा वर्षांची होते, अकरावीत आहे. यंदा तिचा हट्ट आहे की वाढदिवसाचं जेवण नागपुरातल्या 'चांगल्या' हॉटेलात आणि रात्रीचंच करायचं. ती, तिच्या दोन मैत्रिणी, धाकटा मुलगा, आम्ही दोघं आणि सासूबाई अशी सात माणसं. सासूबाई माळकरी, मुलीला तंदुरी चिकन हवं. ह्यांचं म्हणणं, जायचंच तर सावजीत जाऊ. मुलगी मोबाईलवर एक गच्चीवरचं हॉटेल दाखवून राहिली. जाऊबाई म्हणतात, पंचतारांकित हॉटेलातला बुफे घ्या, सगळ्यांचं सगळं होतं. आमचं बजेट सहा हजार, फार झालं तर साडेसहा. त्याच रात्री परत यायचं आहे. कोणतं हॉटेल निवडू? आणि मुलगी सारखी म्हणते, "आई, तिथं काही करू नको हं." काय करू नको, ते सांगत नाही.
– एक आई, भंडारा

उत्तर : ताई, पत्रातलं कामाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलंत. हॉटेलचं नंतर बघू. "काही करू नको" म्हणजे काय, ते मी सांगतो, कारण तेच करण्याचा मी पगार घेतला आहे.

टेबल बुक करायला फोन येतो. आमचा माणूस विचारतो, "काही विशेष आहे का साहेब?" तिकडून बाप कौतुकानं सांगतो, "पोरीचा बर्थडे आहे." झालं. वहीत नावाभोवती लाल गोल पडतो. जेवण अर्ध्यावर आलं की कॅप्टन डोळ्यानं खूण करतो, हॉलचे दिवे जातात, स्पीकरवर गाणं लागतं आणि हातातलं काम टाकून पाच-सहा वेटर टाळ्या वाजवत एका टेबलाकडे निघतात. त्यातला एक मी. पाच वर्षांचं पोर असलं तर खुर्चीवर उभं राहून नाचतं. पन्नाशीचे गृहस्थ लाजत का होईना, हसतात. पंधरा-सोळाचं लेकरू मात्र ताटात बघत बसतं, कान लाल. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोक मोबाईल काढून शूटिंग करून राहिलेले असतात, आणि आई कोपरानं ढोसते, "अगं, हस ना!" हे मी शेकडो वेळा पाहिलं आणि दर वेळी टाळ्या वाजवल्या.

इतकं पाहूनही घरी अक्कल चालली नाही, ते वेगळंच. माझ्या मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाला मी त्याला आमच्याच हॉटेलात नेलं. मे महिना, बाहेर पंचेचाळीसचा पारा, आत एसीचा गारठा. मधलं मोठं टेबल, आचाऱ्यानं स्वतः केलेला केक, सगळा स्टाफ गोळा. मुलगा "हात धुऊन येतो" म्हणून उठला तो वीस मिनिटं आलाच नाही. शेवटी केक मी आणि बायकोनं कापला. घरी जाताना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये दबून बसलेला तो एवढंच म्हणाला, "बाबा, ते सगळे तुमचेच लोक होते न." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

म्हणून या वयाच्या पोराचं हॉटेल निवडताना माझं पहिलं माप जेवणाचं नसतं. तिला तिथं कोणी टक लावून बघणार नाही, पण तिला बसल्या जागेवरून सगळं दिसेल, अशी जागा पाहिजे. या मापानं तुमच्या घरातले तिन्ही प्रस्ताव तपासू.

सावजी. ह्यांना सांगा, सावजी तुमच्या वाढदिवसाला. मला सावजी आवडत नाही असं समजू नका. नागपूरचं स्वतःचं असं जे जेवण आहे त्यात ते पहिलं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून निघालेला तो मसाला, त्यातलं दगडफूल, खसखस, जवस, वर बोटभर तर्री, मटण नाहीतर खूर. नाकातून, डोळ्यांतून पाणी काढत खायचं जेवण आहे ते, आणि पाणी निघालं तरच पैसे वसूल. पण सोळा वर्षांची पोरगी नवा फिक्या रंगाचा ड्रेस घालून येणार. त्या तर्रीचा एक थेंब पडला की ड्रेसही गेला आणि संध्याकाळही. मैत्रिणींपैकी एखादीला तिखट झेपलं नाही तर ती बिचारी पाण्यावर जेवेल आणि तुमच्या मुलीला वाटेल, आपणच तिला अडकवलं. सावजीला एखाद्या रविवारी दुपारी जा, जुने कपडे घालून.

गच्चीवरचं हॉटेल. मुलीनं जे रील दाखवलं त्यात आवाज गाण्याचा आहे, हॉटेलचा नाही. आणि रीलमध्ये थंडी दिसत नाही. तुमची तारीख डिसेंबरच्या मध्यावर. नागपुरात त्या दिवसांत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. उघड्या गच्चीवर तंदुरी रोटी टेबलावर आली की दोन मिनिटांत चामडं होते, चिकनवरचं लोणी पांढरं थिजतं. तिघी पोरी स्वेटर घालणार नाहीत, कारण फोटो. मग कुडकुडत बसतील आणि "थंडी नाही वाजत" म्हणतील.

गच्चीबद्दल एक गंभीर गोष्टही सांगतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत, लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागून १४ माणसं गेली. तिथंही एका मुलीचा वाढदिवसच चालला होता. तेव्हापासून वरच्या मजल्यावर कुणी जेवायला बोलावलं की मी आधी जिना शोधतो. दुसरा जिना आहे का, त्याच्या दारात खुर्च्या आणि खोकी रचून ठेवली आहेत का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. बायको चिडते. चिडू दे.

आता बुफे. जाऊबाईंचा सल्ला मनापासूनचा आहे, हिशेबाचा नाही. बुफेत ताटाचे पैसे, पोटाचे नाही. सासूबाई एक फुलका आणि वरण खाणार, धाकटा तीन वेळा गुलाबजाम आणणार, पैसे मात्र जवळजवळ प्रत्येकाचे पुरे. सोळाव्या वर्षी कोणी अर्धं ताट लावत नाही. त्यात करही बघा. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात राहायच्या खोलीचा दर ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. समजा, ताट हजाराचं आणि माणसं सहा (सहाच का, ते पुढे सांगतो), तर सहा हजारांवर १,०८० रुपये कराचे. बजेट तिथंच ओलांडलं, टिप अजून दिलीच नाही. पण खरी अडचण पैशाची नाही. बुफेत सगळे सारखे उठत असतात. कोणी सूपला गेलं, कोणी चाटला, एकाचं गोड चालू तर दुसऱ्याचं स्टार्टर. सहा जण पाच मिनिटंसुद्धा एकत्र बसत नाहीत. वाढदिवसाला ते बरं नाही.

मग काय घ्यायचं? शंकरनगर, धरमपेठ, रामदासपेठ या पट्ट्यात मधल्या दर्जाची, बंदिस्त, फॅमिली सेक्शन असलेली रेस्टॉरंटं भरपूर आहेत, जिथं तंदूर आहे, पंजाबी आहे, चायनीज आहे. त्यातलं एक. नाव मी छापत नाही, आणि कारण ऐकून घ्या. हॉटेलच्या पाटीवरचं नाव वर्षानुवर्षं तेच असतं, पण तंदूरवरचा माणूस दिवाळीत गावी जातो आणि परतताना दुसऱ्या हॉटेलात लागतो. मी आज नाव लिहीन, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो शेजारच्या गल्लीत रोट्या लावत असेल. म्हणून तीन जागा मुलीला निवडू द्या आणि त्या तिन्ही ठिकाणी तुम्ही फोन करा. दुपारी चार ते पाचच्या मध्ये करा. दुपारचं जेवण उरकलेलं असतं, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते, त्या एका तासात हॉटेलवाला माणसासारखा बोलतो. रात्री साडेआठला फोन केला तर तो "हो हो, या या" म्हणेल आणि काहीच लिहून घेणार नाही.

विचारायचं काय? वाढदिवस आहे हे लपवू नका, पण लगेच पुढे सांगा : गाणं नको, दिवे बंद करायचे नाहीत, टाळ्या नकोत. समोरचा "बरं मॅडम" म्हणाला तर ठीक. "अहो, मुलांना आवडतं" म्हणाला तर दुसऱ्या नंबरावरचं हॉटेल लावा. केक बाहेरचा चालतो का, त्याचे वेगळे पैसे घेता का, आणि फ्रिजमध्ये ठेवाल का, हे विचारा. कितीतरी ठिकाणी बाहेरचा केक चालत नाही आणि ते दारात कळतं, केक हातात असताना. टेबल कुठलं, तेही आत्ताच ठरवा. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळचं नको, वॉशरूमच्या वाटेवरचं नको, स्पीकरखालचं तर मुळीच नको. भिंतीला लागून, कोपऱ्यातलं मागा. गोल मिळालं तर उत्तम. लांब टेबल असलं तर मुलीला मधोमध किंवा डोक्याशी बसवू नका. ती दुल्हन नाही. तिला भिंतीकडच्या बाजूला, दाराकडे तोंड करून बसवा, दोन्ही बाजूंना मैत्रिणी. तुम्ही दोघं आणि धाकटा दुसऱ्या टोकाला. त्यांच्या गप्पा तुम्हाला अर्ध्या ऐकू येतील. अर्ध्याच ऐका.

एक गोष्ट मात्र तुम्ही घरूनच बंद करा. ती फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती आणि तो फेसाचा स्प्रे. स्प्रेचा फेस ज्वालाग्राही असतो, आणि पोरं तो नेमका पेटत्या मेणबत्तीसमोर तोंडावर मारतात. माझ्यासमोर एका मुलीच्या पुढच्या केसांनी पेट घेतला होता. ओला नॅपकिन हातात होता म्हणून निभावलं. त्यानंतर माझ्या हॉलमध्ये मी तो डबा दिसला की काढून घेत असे, मग गिऱ्हाईक कितीही रागवो.

आता तुमच्या घरातला नाजूक प्रश्न, सासूबाई. त्या माळकरी. तंदूरचा वास, शेजारच्या ताटात कोंबडी. त्या काही बोलणार नाहीत, फक्त दही-भात मागवतील आणि रुमाल नाकाशी धरतील. मग मुलगी मनातल्या मनात खट्टू होईल आणि चिकन मागवणारच नाही. असं टेबल मी पाहिलंय. सगळे एकमेकांसाठी उपाशी. तुम्ही त्यांना सरळ विचारा, "आई, रात्री येणार की दुपारचं जेवण तुमच्या हातचं करू?" माझी पैज आहे, त्या सुटल्यासारखं करतील. १४ तारखेला दुपारी घरी आजीचा वाढदिवस-जेवणाचा मान. औक्षण त्यांनीच करायचं. डिसेंबरात सांबार (म्हणजे कोथिंबीर) कोवळा आणि स्वस्त असतो, पुडाची वडी करायला तोच महिना. वडाभात करा. मैत्रिणींना त्यालाही बोलवा. संध्याकाळी बुफेचा सल्ला देणाऱ्या जाऊबाईंकडे सासूबाईंना सोडा, म्हणजे सल्ल्याचंही सार्थक झालं. गाडीचंही यात जमतं. सात सीटच्या गाडीत चालक धरून सात बसतात. तुम्ही सात अधिक चालक म्हणजे आठ, धाकटा मांडीवर. सासूबाई घरी राहिल्या तर सगळे नीट बसता.

मुलगी शाकाहाराला तयार असेल तर गोष्ट वेगळी, शुद्ध शाकाहारी जागा नागपुरात हव्या तितक्या आहेत आणि सासूबाई खुशीनं येतील. पण तिला विचारताना "आजीसाठी एवढं करशील न?" असं विचारू नका. तो प्रश्न नसतो, तो निकाल असतो.

तुमच्या तारखेची आणखी एक मेख. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर कराराचं ते देणं आहे, त्याबद्दल आम्हा नागपूरकरांना अभिमान आहे आणि त्या दिवसांत रस्त्यावर निघायची भीतीही. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवतात, बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतात. रामदासपेठ, सदरची हॉटेलं आमदार, त्यांचे कार्यकर्ते, अधिकारी, पत्रकार यांनी भरलेली. आमच्या हॉटेलात त्या आठवड्यात साडेनऊनंतर टेबल मिळायचं नाही, आणि स्टाफचं सगळं लक्ष मोठ्या मंडळींच्या टेबलाकडे. अधिवेशनाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या वर्तमानपत्रात बघा. ती तुमच्या तारखेवर आली तर टेबल सात वाजताचं घ्या. नागपूरकर साडेआठच्या आत जेवायला घराबाहेर पडत नाही. सातला हॉल रिकामा, वेटर ताजेतवाने, तंदूर नुकताच तापलेला. नऊपर्यंत तुमचं आटोपतं आणि अकराच्या आत मौदा ओलांडून घरी.

भंडारा रोडनं येताना पारडीकडे प्रजापती नगरचं मेट्रो स्टेशन लागतं. चालकाला तुम्हाला तिथं सोडायला सांगा. अ‍ॅक्वा लाईन थेट शंकरनगर चौकाला नेते, गाडी बदलायची नाही, खालच्या मोर्च्याशी देणंघेणं नाही. चालक त्याच्या वेळेनं हॉटेलवर येईल आणि परतताना गाडीनं या. तिघी पोरी मेट्रोत अर्धे फोटो काढून मोकळ्या होतील. भंडाऱ्याच्या मुलीला वाढदिवसाला नागपूर वरून बघायला मिळालं, तर ते जेवणापेक्षा जास्त लक्षात राहील, असं मला वाटतं. चूक असू शकेन.

उरलेले अर्धे फोटो टेबलावर होतील. त्याला वीस मिनिटं धरा. बसल्याबसल्या कॅप्टनला सांगा, "सूप आणा, स्टार्टर आम्ही सांगू तेव्हा टाका." नाहीतर तंदुरी चिकन येईल, फोटोसाठी तसंच ठेवलं जाईल, आणि गार झाल्यावर "इथलं काही खास नाही" असा शेरा बसेल. तंदूरवाल्यावर तो अन्याय.

ऑर्डर मुलीला देऊ द्या. हे माझं सगळ्यात ठाम सांगणं. मेनूकार्ड तिच्या हातात, वेटर तिच्याशी बोलेल. तुम्ही मध्ये "अगं, ते महाग आहे" म्हणू नका, कारण ते मैत्रिणींसमोर होईल. त्यापेक्षा आदल्या दिवशी घरी आकडा सांगून टाका : "आपल्याकडे ५,७०० चं जेवण आहे, वरचे २८५ कराचे." अकरावीतल्या मुलीला हा हिशेब जमतो, आणि आकडा माहीत असला की ती तुमच्यापेक्षा जास्त काटकसर करेल, बघा. अडली तर वेटरला विचारायला सांगा, "भैया, सहा जणांना किती भाज्या पुरतील?" बहुतेक वेटर खरं सांगतो. सहा जणांना दोन-तीन स्टार्टर, तीन भाज्या, एक बिर्याणी, रोट्या, पुरे. धाकट्याचं नूडल्स वेगळं धरा, ते टळत नाही.

बिल टेबलावर येऊ देऊ नका. गोड आलं की ह्यांनी हात धुवायच्या निमित्तानं काउंटरला जाऊन देऊन यायचं. वरचे पाचशे जे तुम्ही "फार झालं तर" म्हणून ठेवलेत, ते टिपचे आणि आइस्क्रीमचे. दिनशॉचा एकेक कप गाडीत बसायच्या आधी उभ्याउभ्या खा. डिसेंबरातलं आइस्क्रीम सावकाश वितळतं.

प्रश्न : काका, मी नागपूरलाच राहतो, पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण. मला पाच मित्रांसोबत हॉटेलात जायचंय. आई म्हणते, "मी येईन, दुसऱ्या टेबलावर बसेन, तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही." २,५०० रुपये मिळणार आहेत. आईला कसं थांबवू?
– एक विद्यार्थी, मनीषनगर

उत्तर : बेटा, आई दुसऱ्या टेबलावर बसली की तिचं लक्ष कुठं असणार, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तिला त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात कॉफी प्यायला पाठव. सोबत तिची मैत्रीण दे. तिची अट पूर्ण, तुझीही.

पण थांबवायचंच असेल तर आधी तिची भीती काढ. जागा अशी निवड जिथं परमिट रूम नाही. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे बार असलेल्या हॉटेलात सहा पोरं एकटी शिरली की मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात. तो तुम्हाला कोपऱ्यात बसवून दर पाच मिनिटांनी डोकावेल. ती काही मजा नाही. आणि 'हर्बल आहे' म्हणून कोणी हुक्का पुढे केला तर उठून निघा. कमला मिलच्या आगीत हुक्क्याच्या निखाऱ्याचं नाव अग्निशमन दलाच्या अहवालात आलं आणि २०१८ मध्ये राज्यानं हुक्का पार्लर बंद केले. तुझ्या आईला यातलं काय माहीत नसेल, तर तूच सांग. पोरानं स्वतः सांगितलं की आया निम्म्या शांत होतात.

फोन मात्र आईलाच करू दे, एकदाच. "सहा मुलं येतील, त्यातला एक माझा" एवढं तिनं सांगितलं की तुम्ही लावारिस राहत नाही. दोन हजार तिनं आधीच भरून ठेवावेत, पाचशे तुझ्या खिशात. २,५०० त सहा जण म्हणजे माणशी चारशेला थोडं वर. चायनीज घे. आमच्या पिढीनं पहिलं चायनीज सदरच्या नानकिंगमध्ये खाल्लं, तेही तीन प्लेटी सहा जणांत, आणि कोणी उपाशी उठलं नाही. आधी दोन राईस, दोन नूडल्स, दोन ग्रेव्ही मागव, संपल्यावर पुढचं. सगळं एकदम मागवलं की अर्धं पार्सल होतं.

आणि ते वाढदिवसाच्या लाथा मारायचं प्रकरण हॉटेलात नको, दारातही नको. आमच्या पार्किंगमध्ये एका मुलाचं मनगट गेलं होतं. त्याचा बाप केक घेऊन वर बसला होता.

प्रश्न : मागच्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला आम्ही नागपुरात जेवलो. ३,२०० च्या जेवणावर ३२० रुपये सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर जीएसटी लावला. मुलासमोर वाद नको म्हणून दिले. द्यायलाच हवे होते का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानं घेता येत नाही आणि तो जोडून त्यावर जीएसटीही लावता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या; २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं कायम केलं. तुमचे ३२० आणि त्यावरचे १६, असे ३३६ रुपये जास्त गेले. पुढच्या वेळी काउंटरला जाऊन हळू आवाजात "हे काढून द्या" म्हणा, बहुतेक ठिकाणी मुकाट्यानं काढतात. नाही काढलं तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. मागच्या बिलाचीही तक्रार करता येते, बिल असेल तर.

तुम्ही मुलासमोर गप्प बसलात, ते मला पटलं. मात्र ते ३२० वेटरला मिळाले असतील असं धरून चालू नका. आमच्याकडे तो पैसा ऑफिसात जमा व्हायचा आणि महिन्याच्या शेवटी कुणाला किती, हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. द्यायचं असेल तर रोख द्या, हातात द्या. ज्यानं ऑर्डर घेतली त्यालाच नको. पाणी भरणारा आणि ताटं उचलणारा पोरगाही तिथंच कुठंतरी उभा असतो.